'सरदार उधम' पोरांना दाखवायचा का? आठवीच्या आत नको, पुढे दोन बैठकांत

शूजित सरकार दिग्दर्शित, क्रांतिकारक उधमसिंगांवरचा, विकी कौशलची भूमिका असलेला 'सरदार उधम' १६ ऑक्टोबर २०२१ ला थेट प्राइम व्हिडिओवर आला आणि सर्वोत्कृष्ट हिंदी चित्रपटासह पाच राष्ट्रीय पुरस्कार घेऊन गेला. चित्रपट म्हणून तो उत्तम आहे, त्यावर इथे फार शाई घालवत नाही. कोल्हापुरात ऑगस्ट जवळ आला की शाळेत, क्लासमध्ये, पेठेतल्या मंडळात 'पोरांना एखादा देशभक्तीचा पिक्चर दाखवूया' अशी टूम निघते आणि जालियनवाला बाग, उधमसिंग, विकी कौशल एवढं ऐकलं की सगळ्यांच्या माना डोलतात. पाहिलेला असतो त्यातल्या फार थोड्यांनी. तेव्हा कोणत्या वयाला तो झेपेल, कुठे थांबवायचा आणि आधी काय सांगून ठेवायचं, एवढंच इथे पाहू.

निकाल आधीच सांगतो. सातवीपर्यंतच्या मुलांना दाखवू नका, आई-वडील शेजारी बसले तरीही. आठवी ते दहावी, म्हणजे १३ ते १५ वयाच्या मुलांना घरातलं मोठं माणूस सोबत ठेवून आणि दोन वेगळ्या दिवशी दाखवा. अकरावीच्या पुढच्यांनी सलग पाहायला हरकत नाही. हा निकाल रक्त किती दिसतं यावरून काढलेला नाही. ते रक्त किती वेळ दिसत राहतं, यावरून काढला आहे.

१३ एप्रिल १९१९ चा जालियनवाला बागेतला गोळीबार इतिहासात सुमारे १० मिनिटं चालला. ब्रिगेडियर जनरल डायरबरोबर बंदुकधारी शिपाई ५० होते आणि गोळ्या झाडल्या गेल्या १,६५०, म्हणजे माणशी ३३. बागेत शिरायची बोळ इतकी अरुंद होती की त्याने आणलेल्या दोन चिलखती गाड्या बाहेरच राहिल्या. सरकारी मोजणीने मृतांचा आकडा ३७९ सांगितला, काँग्रेसच्या चौकशीने तो हजाराच्या घरात नेला. त्यात रात्री आठनंतर संचारबंदी. बाहेर पडेल त्याला गोळी घालण्याचा हुकूम असल्याने जखमींना उचलायला माणसं येऊ शकली नाहीत आणि कित्येक जण रात्रभर तिथेच तडफडत राहिले. १९८२ सालच्या 'गांधी'मध्ये हाच गोळीबार काही मिनिटांत आटोपतो आणि पुढे डायर चौकशी समितीसमोर बसलेला दिसतो. शाळांमधून तो चित्रपट दाखवला जातो, पोरं तो पचवतात. त्या अनुभवावर विसंबून 'सरदार उधम' लावाल तर फसाल.

कारण इथे दिग्दर्शकाला गोळीबाराइतकीच, किंबहुना त्याहून जास्त, त्यानंतरची रात्र दाखवायची आहे. चित्रपट १६२ मिनिटांचा आहे आणि त्याचा शेवटचा मोठा भाग बागेत जातो. तरुण उधम प्रेतांच्या ढिगाऱ्यातून कोण जिवंत आहे ते शोधतो, हातगाडीवर घालून नेतो आणि परत येतो. पुन्हा शोधतो, पुन्हा नेतो. या भागात पार्श्वसंगीताचा आधार जवळपास नाही, कण्हणं आणि पाण्यासाठीच्या हाका तेवढ्या ऐकू येतात. जखमा जवळून दिसतात, तुटलेले अवयव दिसतात आणि मेलेल्यांत, जखमींत लहान मुलंही आहेत. मोठा प्रेक्षकसुद्धा मध्येच 'आता बास' म्हणतो. त्याला ते म्हणायला लावावं याच हेतूने प्रसंग इतका लांबवला आहे, आणि दिग्दर्शक म्हणून सरकार यांचा तो निर्णय बरोबर आहे. बारा वर्षांच्या मुलाला मात्र त्या लांबीचं कारण कळत नाही. त्याला फक्त संपत नाही एवढंच कळतं.

'आमचा पोरगा रोज साऊथचे पिक्चर बघतोय, त्याला काय होतंय' हा युक्तिवाद नेहमी होतो. त्या मारधाडीत आणि या चित्रपटात मोठा फरक आहे. मारधाडीच्या चित्रपटात मरणारे बहुतेक खलनायकाचे गुंड असतात, त्यांना नावं नसतात आणि मेल्यावर कॅमेरा त्यांच्याकडे वळूनही बघत नाही. प्रत्येक ठोशाला संगीताचा ठेका असतो. त्यामुळे पोरं त्याकडे खेळ म्हणून बघतात. 'सरदार उधम'मध्ये माणूस पडल्यावर कॅमेरा त्याच्यापाशीच राहतो. रोज दहा-वीस माणसं पडद्यावर मरताना बघणारा पोरगाही इथे गप्प होतो. त्यावर 'अरे, सिनेमाच आहे, खोटं असतं' हे नेहमीचं औषध द्यायला जावं तर तेही चालत नाही, कारण हे खरं घडलेलं आहे आणि पोराला ते शाळेच्या पुस्तकातून माहीत आहे. खोटी समजूत घातली की मुलाचा पडद्यावरचा विश्वास जात नाही, तुमच्यावरचा जातो.

बागेबाहेरच्या हिंसेची मात्र फार धास्ती घेऊ नका. १३ मार्च १९४० ला लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्ये उधमसिंग पंजाबचा माजी लेफ्टनंट गव्हर्नर मायकल ओड्वायरला गोळ्या घालतो, तो प्रसंग पहिल्या तासातच येतो. थरारक आहे, झटपट आहे, आठवीच्या मुलाला झेपतो. त्यानंतर कोठडीत होणारा छळ जास्त बोचरा आहे. मारहाण आणि उपोषण मोडण्याची जबरदस्ती हे तुकड्या-तुकड्यांनी येतं. शेवटी फाशी आहे. दारू आणि सिगारेट भरपूर. शिव्या काही आहेत, पण गल्लीत क्रिकेट खेळणाऱ्या पोरांच्या कानावर पडतात त्याहून वेगळ्या नाहीत. प्रेमप्रकरण अगदी सभ्य आहे, आजी शेजारी बसली तरी कोणाला मान खाली घालावी लागणार नाही.

आता दुसरी अडचण, जिच्याकडे पालकांचं लक्षच जात नाही. हा चित्रपट सरळ चालत नाही. सुरुवात १९३१ च्या सुमाराला, उधम तुरुंगातून सुटतो तिथून. मग बर्फातून रशियामार्गे लंडन. मग एकदम १९४० चा गोळीबार. मग इन्स्पेक्टर स्वेनसमोर चौकशी, आणि त्या चौकशीच्या आडून चित्रपट कधी भगतसिंगांच्या काळात जातो, कधी लंडनमधल्या उमेदवारीच्या वर्षांत. १९१९ सगळ्यात शेवटी. इतिहासाचा थोडाफार पाया असलेल्या माणसाला यात मजा येते. नसलेलं मूल अर्ध्या तासात 'हा कोण? हे कधीचं?' विचारायला लागतं, उत्तर मिळेपर्यंत पुढचा प्रसंग निघून जातो आणि मग ते मोबाइल हातात घेतं. शिवाय बराचसा संवाद इंग्रजीत आहे, तोही लंडनच्या धाटणीच्या इंग्रजीत, आणि हिंदीत पंजाबी मिसळलेली. मराठी माध्यमाच्या मुलाला सबटायटल लावल्याशिवाय चौकशीचे प्रसंग कळणार नाहीत, आणि सबटायटल वाचायला लागलं की चेहरे बघायचे राहून जातात. सबटायटल कोणकोणत्या भाषेत आहेत ते आधी एकट्याने उघडून बघून ठेवा. मूल शेजारी बसल्यावर रिमोटशी झटापट नको.

यावर साधा उपाय आहे. एका कोऱ्या पानावर या तारखा लिहून टीव्हीशेजारी चिकटवा:

१३ एप्रिल १९१९: जालियनवाला बाग. उधम तेव्हा १९ वर्षांचा.
१९२७: बेकायदा हत्यारं बाळगल्याबद्दल उधमला अटक. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये डायरचा आजारपणात मृत्यू.
२३ मार्च १९३१: भगतसिंग, राजगुरू, सुखदेव यांना फाशी. त्याच वर्षी उधमची सुटका.
१९३४: उधम लंडनमध्ये.
१३ मार्च १९४०: कॅक्स्टन हॉल.
जून १९४०: खटला.
३१ जुलै १९४०: पेंटनव्हिल तुरुंगात फाशी.

प्रसंग बदलला की पानावर बोट ठेवून 'आता इथे आहोत' एवढंच म्हणायचं, भाषण द्यायचं नाही. राजगुरूंचं नाव मुद्दाम लिहिलं आहे. पुणे जिल्ह्यातला हा माणूस मुलांना ठाऊक असतो आणि त्या खुणेवरून बाकीच्या तारखा त्यांना धरता येतात.

त्या पानावर सगळ्यात मोठ्या अक्षरात दोन नावं लिहा, डायर आणि ओड्वायर. या दोन नावांनी पोरांचाच काय, मोठ्यांचाही घोळ होतो. बागेत गोळीबाराचा हुकूम देणारा तो सैन्यातला डायर. पंजाबचा लेफ्टनंट गव्हर्नर, म्हणजे प्रांताचा कारभारी, तो ओड्वायर, आणि त्याने डायरच्या कृतीला मान्यता दिली. उधमसिंगने लंडनमध्ये मारला तो ओड्वायर. 'उधमसिंगने जनरल डायरला मारलं' असं ठोकून देणारे लोक आजही भेटतील. हे आधी स्पष्ट केलं नाही तर मुलाला अख्खा चित्रपट चुकीचा कळतो, आणि चित्रपटाचा राजकीय गाभाच त्यातून निसटतो. बंदूक चालवणारा जास्त दोषी की वर बसून 'बरोबर केलंस' म्हणणारा, हा प्रश्न या कथेत आहे. नववीच्या मुलाला तो नीट कळतो, फक्त दोन माणसं वेगळी आहेत हे आधी माहीत पाहिजे.

आठवीची मर्यादा घालण्यामागे वयाइतकाच अभ्यासक्रमही आहे. आपल्या राज्य मंडळाच्या आठवीच्या इतिहासात रौलट कायदा, जालियनवाला बाग, असहकार, पुढे सशस्त्र क्रांतिकारी चळवळ, असं सगळं क्रमाने येतं. हे धडे होऊन गेल्यावर चित्रपट लावला तर मुलाला अर्धं आधीच माहीत असतं आणि धक्का थोडा बोथट होतो. जूनमध्ये लावण्यापेक्षा दिवाळीच्या सुट्टीत लावा, तोवर हे धडे बहुधा होऊन गेलेले असतात.

इतिहास म्हणून चित्रपट किती खरा आहे, हेही सांगून ठेवायला हवं, नाहीतर पोरगं परीक्षेत चित्रपटातलं उत्तर लिहून येईल. मोठ्या खुणा खऱ्या आहेत: बाग, तुरुंग, लंडन, कॅक्स्टन हॉल, फाशी. कोठडीत त्याने सांगितलेलं आझाद हे नावही खरं. लोकांच्या तोंडी ते 'राम मोहम्मद सिंग आझाद' असं आहे आणि तीन धर्म एका नावात का घातले असतील यावर मुलांशी चांगलं बोलता येतं. पण उधम ओड्वायरच्या घरात कामाला राहतो आणि दोघांचं समोरासमोर बोलणं होतं, तो भाग पटकथाकारांनी रचलेला आहे, असं समजूनच पाहावा. ओड्वायरच्या मनात पश्चात्तापाचा अंशही नाही हे त्यांना त्याच्याच तोंडून वदवून घ्यायचं होतं. त्या दिवशी उधम बागेत होता की नव्हता, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. लोकप्रिय हकिकतीत तो अनाथाश्रमातल्या मुलांबरोबर लोकांना पाणी देत होता. चित्रपट त्याला गोळीबाराच्या वेळी घरी झोपलेला दाखवतो आणि नंतर बागेत आणतो. मला हा बदल हुशारीचा वाटतो. तो तिथे नव्हता म्हणूनच त्या रात्रीतून बाहेर येऊ शकत नाही, असा अर्थ त्यातून निघतो. दहावीच्या मुलाला हे बारकावे दाखवा, आठवीच्या मुलाला 'इथे थोडं रचलंय' एवढं पुरे.

राजकीय बाजू यापेक्षा नाजूक आहे. कॅक्स्टन हॉलमध्ये गोळ्या सुटतात तेव्हा मुलं टाळ्या वाजवतात. वाजवू द्या. चित्रपटाने ती टाळी लवकर घेऊन ठेवली आहे, कारण पुढचे दोन तास तिचा हिशोब चालणार आहे. भगतसिंगांचे प्रसंग (अमोल पराशर, मोकळा आणि मिश्कील) त्या हिशोबाचा पहिला भाग आहेत. क्रांतिकारक आणि दहशतवादी यांत फरक कशाने पडतो, निरपराध माणसाला इजा का करायची नाही, हे तो मित्रांशी गप्पा मारल्यासारखं बोलतो. इथे चित्रपट थांबवून मुलाचं मत विचारा, आपलं सांगू नका. १४-१५ वर्षांची पोरं यावर मोठ्यांपेक्षा जास्त कडक बोलतात. २०२१ साली ऑस्करसाठी भारताकडून जाण्याच्या स्पर्धेत हा चित्रपट मागे पडला, तेव्हा निवड समितीतल्या एका सदस्याने तो ब्रिटिशांबद्दलचा द्वेष दाखवतो असं कारण जाहीरपणे दिलं होतं. अकरावी-बारावीच्या मुलांपुढे ते वाक्य ठेवा आणि पटतं का विचारा. मला पटत नाही. इन्स्पेक्टर स्वेनचं पात्र आणि लंडनमध्ये उधमला साथ देणारी माणसं पाहिल्यावर कोणालाही पटू नये.

कोल्हापूरच्या मुलाला हे सगळं पंजाब-लंडनचं, लांबचं वाटू शकतं. ते जवळ आणायला आपल्याकडे पुरेसा माल आहे. डिसेंबर १९४२ मध्ये गारगोटीच्या सरकारी कचेरीवर क्रांतिकारकांनी चाल केली, पोलिसांच्या गोळीबारात सात जण हुतात्मा झाले. शहरात विल्सन या मुंबईच्या गव्हर्नरचा पुतळा होता. बेचाळीसच्या चळवळीत त्याला डांबर फासलं गेलं, पुढे तो फोडला गेला आणि आज त्या चौकात शिवाजी महाराजांचा पुतळा आहे. म्हणजे पुतळा फोडणं, कचेरीवर चालून जाणं, आणि एका माणसावर गोळी झाडणं, अशा तीन कृती मुलांपुढे ठेवता येतात. तिन्ही एकाच रागातून आलेल्या आहेत का, तिन्हींना सारखंच तोलायचं का, यावर घरात तासभर वाद झाला तर बिघडलं नाही. 'पण कोल्हापूर तर संस्थान होतं, मग इथे इंग्रज कुठून आले?' असं एखादं चुणचुणीत पोरगं विचारेल. त्याला रेसिडेंट ही भानगड समजावून सांगा. गादी छत्रपतींची, पण महत्त्वाच्या निर्णयांवर गोऱ्या साहेबाचं लक्ष, आणि शहराच्या चौकात त्यांच्या गव्हर्नरचा पुतळा.

सातवीपर्यंतच्या मुलांसाठी गारगोटीचं हुतात्मा स्मारक हा चित्रपटापेक्षा चांगला पर्याय आहे. शहरापासून ५० किलोमीटरच्या आसपास, सकाळी निघून दुपारी परत. तिथे उभं राहून गोष्ट सांगितली की मूल जेवढं झेपेल तेवढंच मनात रंगवतं. पडद्यावर ते ठरवायची मुभा त्याला नसते.

आता प्रत्यक्ष दाखवायचं कसं. पहिली बैठक सुरुवातीपासून, उधम स्वेनसमोर १९१९ चं सांगायला लागतो तिथपर्यंत. ही बैठक लांब आहे, म्हणून मध्ये चहा-पाण्याला एकदा थांबा. कॅक्स्टन हॉलनंतर पहिली चौकशी सुरू होते तिथे थांबलात तर बरं, कारण तोवर पोरांना 'पुढे काय' ही ओढ लागलेली असते. दुसरी बैठक दुसऱ्या दिवशी, आणि दिवसाउजेडी. रविवारी सकाळी नाश्ता झाल्यावर सगळ्यात उत्तम. बागेचा भाग रात्री साडेदहाला लावायचा आणि लगेच अंथरुणावर पाठवायचं, ही सर्वांत जास्त होणारी चूक आहे. पाहिलेलं बोलून बाहेर पडायला वेळच मिळत नाही आणि पोरगं अंधारात छताकडे बघत पडून राहतं. चाचणी किंवा वार्षिक परीक्षेच्या आदल्या आठवड्यातही नको. दुसरी बैठक संपल्यावर लगेच उठायचं नाही, पण 'काय शिकलास?' असं मास्तरी विचारायचंही नाही. 'तुला यातलं काय डोक्यात राहिलंय?' एवढं पुरतं. कोणी बोललं नाही तर रंकाळ्याला चक्कर मारून या, चालता चालता पोरं बोलतात.

टीव्हीवरच दाखवा. मोबाइलवर चित्र लहान दिसतं म्हणून धक्का कमी बसेल, असं वाटतं. पण हेडफोनमधून ते कण्हणं थेट कानात जातं आणि शेजारी कोणी नसतं. टीव्हीचा आवाज बागेच्या भागात थोडा खाली आणा, खोलीतला दिवा लावलेला ठेवा.

फॉरवर्ड करायचं का, हा प्रश्न येणारच. अख्खी बाग गाळून पुढे जाणं चुकीचं आहे. मग उरतो एक सूडाचा थरारपट, ज्यात एक माणूस लंडनला जाऊन म्हाताऱ्या साहेबाला गोळ्या घालतो. त्याचं कारण चित्रपटाने शेवटी ठेवलं आहे आणि तेच तुम्ही कापलं, तर मुलापर्यंत नको तोच निरोप जातो. त्याऐवजी गोळीबार आणि त्यानंतर उधमची पहिली-दुसरी फेरी दाखवा. मुलाला जड जातंय असं दिसलं तर तिथून पहाटेपर्यंतचा भाग पुढे ढकला. त्या रात्रीचे प्रसंग मुद्दाम एकसारखे आहेत, त्यातले काही गाळले तरी अर्थ टिकतो. काय गाळलं ते मात्र शब्दांत सांगा: 'रात्रभर तो असाच माणसं नेत राहिला.'

जड जातंय हे ओळखायचं कसं? डोळ्यांवर हात धरणारं मूल ठीक आहे, ते स्वतःला सांभाळतंय. एकदम विनोद करायला लागणारं, उगाच पाणी प्यायला उठणारं, उशी घट्ट धरून मान न हलवणारं मूल असेल तर पॉज करा. विशेषतः घरात नुकतंच कोणी गेलं असेल, अपघात झाला असेल, तर वय कितीही असो, सहा महिने-वर्षभर हा चित्रपट बाजूला ठेवा.

धाकट्यांचा बंदोबस्त वेगळा करावा लागतो. दादा बघतोय म्हटल्यावर दुसरीतली बहीण दाराच्या फटीतून बघणारच. त्या दोन तासांसाठी तिला आत्याकडे नाहीतर आजीबरोबर अंबाबाईच्या देवळात पाठवा. हा चित्रपट थिएटरला न लागता थेट मोबाइल-टीव्हीवर आल्याने तिकीट खिडकीवर अडवणारं कोणी नाही. २०२१ च्या नियमांनुसार असे प्लॅटफॉर्म चित्रपटाचं वर्गीकरण स्वतःच करतात: यू, यू/ए ७+, यू/ए १३+, यू/ए १६+ आणि ए. १३+ आणि त्यावरच्या मजकुराला पालकांना कुलूप लावता येण्याची सोय देणं त्यांना बंधनकारक आहे. ही सोय असते, पण तुम्ही चालू केल्याशिवाय बहुतेक ठिकाणी ती बंदच राहते. प्राइमच्या सेटिंगमध्ये पालक नियंत्रणात जाऊन पिन लावा आणि वयाची मर्यादा ठरवा. ही मर्यादा कोणकोणत्या उपकरणांना लागू करायची ते तिथेच निवडावं लागतं, इथेच गडबड होते. टीव्हीला कुलूप, पण आईच्या मोबाइलला नाही, असं अनेक घरांत असतं. पिन म्हणून घरातल्या कोणाची जन्मतारीख ठेवू नका, पोरं पहिल्या फटक्यात ओळखतात. लहानांसाठी वेगळं प्रोफाइल करून दिलं की हा चित्रपट त्यांच्या पडद्यावर सहसा येतच नाही.

शाळा आणि मंडळांसाठी दोन शब्द. घरचं प्राइमचं खातं हे खासगी वापरासाठी असतं. प्रोजेक्टर लावून गल्लीत जाहीर दाखवायला हक्कधारकांची परवानगी लागते, आणि 'आपण कुठे तिकीट लावलंय' हे उत्तर चालत नाही. परवानगी मिळाली तरी गल्लीतल्या पडद्यावर हा चित्रपट नकोच. मंडळाच्या कार्यक्रमात पहिल्या रांगेत बसतात ती पाच-सहा वर्षांची पोरं, आयांच्या मांडीवर तान्ही, आणि मागे गाड्यांवर कॉलेजची मुलं. एकाच पडद्यापुढे ही सगळी वयं बसली की कोणाला थांबवायचं आणि कोणाला उठवायचं, हे कोणाच्याच हातात राहत नाही.

शाळेने दाखवायचा ठरवला तर नववी-दहावीलाच, आणि पालकांना आठवडाभर आधी चिठ्ठी पाठवून. त्या चिठ्ठीत 'देशभक्तीपर चित्रपट' एवढंच लिहू नका. 'जालियनवाला बागेतल्या मृत आणि जखमी माणसांचे दीर्घ प्रसंग आहेत' असं स्पष्ट लिहा, आणि नको म्हणणाऱ्यांच्या मुलांसाठी वाचनालय उघडं ठेवा. हॉलचं मागचं दार उघडं असू द्या आणि त्या दाराशी एक शिक्षिका बसवा. बाहेर येणाऱ्या मुलाला कारण न विचारता व्हरांड्यात बसवायचं, पाणी द्यायचं. दोन तासिकांत चित्रपट मावत नाही म्हणून बागेच्या ऐन मध्यावर घंटा होईल, असं वेळापत्रक करू नका. दुसरा भाग शेवटच्या तासिकांना न ठेवता सकाळी पहिल्या तासाला लावा, म्हणजे वर्गशिक्षकांच्या नजरेखाली पुढचा दिवस जातो.

तारीख निवडायची तर १५ ऑगस्टपेक्षा ३१ जुलै बरी. उधमसिंगांच्या फाशीचा दिवस आहे आणि झेंडावंदनाच्या तालमी अजून सुरू व्हायच्या असतात.